तीन थरांची ताटी आणि एक तिरका टाका

“मॅडम, ही तर उभी केलेली गोधडी झाली.” माझी कूलरची ताटी टेबलावर आडवी ठेवून, तळव्यांनी दाबून आणि कडेने तिचे थर मोजून पाहिल्यावर पेटंट एजंटांनी उच्चारलेले पहिले वाक्य हे होते. मला ते तेव्हा फार लागले. तीन उन्हाळे खपून तयार केलेल्या वस्तूला कोणी गोधडी म्हणावे, आणि तेही आपण ज्याला फी मोजणार आहोत त्या माणसाने, हे पचवणे सोपे नव्हते. पुढे तीन वर्षे अर्जाच्या मागे लागल्यावर ध्यानात आले की ती हेटाळणी नव्हती. पेटंट कार्यालय मला जो प्रश्न विचारणार होते, तोच त्यांनी आधी आणि बऱ्याच कमी शब्दांत विचारला होता.

नागपुरात कूलरच्या ताट्या भरून देण्याचा आमचा व्यवसाय आहे. तो बाबांनी सुरू केला. वस्त्रतंत्राची पदविका घेऊन काही वर्षे सूतगिरणीत काम केल्यावर मी त्यात आले. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. पत्र्याच्या डेझर्ट कूलरला तीन बाजूंनी जाळीच्या चौकटी असतात, त्यांत तंतूंचे पॅड भरलेले असते, टुल्लू पंप त्यावर वरून पाणी सोडतो, आणि पंखा बाहेरची हवा त्या ओल्या पॅडमधून ओढून खोलीत टाकतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते, एवढेच यामागचे शास्त्र. हवा कोरडी असेल तरच हे साधते, म्हणून हे यंत्र मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे घरोघरी दिसते आणि मुंबईच्या दमट हवेत त्याला कोणी विचारत नाही. कूलर येण्यापूर्वी दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी शिंपडत असत. ताटी गेली, पण शब्द राहिला, आणि आज आम्ही कूलरच्या पॅडलाही ताटीच म्हणतो.

या ताट्यांत बहुतेक वेळा ‘गवत’ भरतात, जे प्रत्यक्षात लाकडाचे केसासारखे बारीक काप असतात. त्याची दुखणी या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ आहेत. ओले झाले की गवत जड होऊन खाली बसते, वर दोन बोटांची फट पडते आणि ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, त्या फटीतून बाहेरचा वारा जसाच्या तसा आत शिरतो. पाणी सगळीकडे पसरत नाही. एकदा त्याला वाट सापडली की ते त्याच वाटेने खाली उतरते आणि दोन वाटांच्या मधला पट्टा कोरडाच राहतो. तिसरे दुखणे बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे. हंगाम संपता संपता बाहेरच्या बाजूला त्यांचा पांढरा कडक पापुद्रा धरतो.

यावर मी तीन थरांची ताटी केली. बाहेरच्या बाजूला रबराच्या चिकाने बांधलेला काथ्या, कारण तो ताठ राहतो आणि क्षार अंगावर घेतो; मध्ये सूतगिरणीतल्या कोंबर वेस्टचा, म्हणजे कापूस विंचरताना निघालेल्या आखूड तंतूंचा, सुयांनी ठोकून केलेला पातळ नॉनवोव्हन, म्हणजे न विणलेला थर, कारण कापूस पाणी धरतो आणि पसरवतो; आतल्या बाजूला वाळा, कारण गिऱ्हाइकाला सुगंध हवा असतो आणि वाळा खोलीकडच्या अंगाला असला म्हणजे तो टिकतो. प्रत्येक थराला काम नेमून दिलेले आहे, याचा मला अभिमान होता. माझ्या मते शोध होता तो हाच.

ही ताटी आमच्या कारखान्यात शिवली जाते. शिवणाऱ्या मावशी बाबांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत. पहिल्या नमुन्यात तिन्ही थर नुसते चौकटीत कोंबले होते, आणि आठवड्याभरात मधला कापूस भिजून खाली सरकला. तेव्हा मावशी म्हणाल्या, “आडवे टाके घाला ना जी, वाकळीला घालतो तसे. काहून खाली बसंल मग?” त्यांनी ताटी भिंतीला टेकवून उभी केली, समोर पाट घेऊन बसल्या आणि दाभणाने नायलॉनच्या दोऱ्याचे आडवे टाके घातले, चार-चार बोटांवर एकेक ओळ. दोरा त्यांनी करकचून ओढला होता, त्यामुळे प्रत्येक ओळीवर ताटी चिमटल्यासारखी दबली. बसून शिवताना दाभण समोरून खाली टोचले जाई आणि मागून थोडे वर निघे, म्हणजे प्रत्येक टाका आतून बाहेर उतरता झाला. काथ्याची बाजू समोर होती, म्हणून उतार काथ्याकडे, अर्थात जिथून गरम हवा येते त्या बाजूला. यातले काहीही आम्ही ठरवून केले नव्हते.

पुढच्या खेपेला काम वाढले म्हणून दुसऱ्या एका कारागिराने टेबलावर ताट्या आडव्या ठेवून टाके घातले. ते सरळ आणि सैल पडले. त्यातली एक जोडी आमच्या घरच्या कूलरला लागली. दोन दिवसांनी बाबांनी तक्रार केली की पेपर वाचताना अंगावर तुषार उडतात. मावशींच्या ताटीतून ते कधी उडाले नव्हते. ही गोष्ट मी वहीत नोंदवून ठेवली खरी, पण तिला महत्त्व दिले नाही. माझे सगळे लक्ष थरांवर होते.

अर्जाच्या तपशिलात फार शिरत नाही. मार्च २०२१ मध्ये प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज केला. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास त्याची फी १,६०० रुपये आहे. पूर्ण विनिर्देश, म्हणजे शोधाचे सविस्तर वर्णन, १२ महिन्यांच्या आत द्यावा लागतो, तो आम्ही फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. एरवी अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. २,५०० रुपये भरून तो लवकर प्रसिद्ध करून घेतला, आणि अर्जदार स्त्री असेल तर जलद तपासणी मागता येते म्हणून ८,००० रुपयांचा तोही अर्ज केला. एजंटांनी पहिल्याच भेटीत विचारलेला दुसरा प्रश्न मात्र सांगण्यासारखा आहे: “यातली एक तरी ताटी विकली आहे का?” विकली नव्हती, तुषार उडवणारी जोडीसुद्धा घरातच होती. विकली असती तर माझीच ताटी माझ्या अर्जाविरुद्ध पुरावा ठरली असती. धंद्यातला माणूस नवी वस्तू आधी बाजारात चालवून पाहतो आणि मग कागदपत्रांकडे वळतो. पेटंटच्या बाबतीत हा क्रम उलटा ठेवावा लागतो.

शोधकर्त्यांच्या रकान्यात कोणाची नावे लिहायची यावरही बोलणे झाले. मी माझे एकटीचे नाव सांगितले होते. टाक्यांची हकिकत ऐकल्यावर एजंट म्हणाले की टाके दाव्यांत, म्हणजे अर्जात ज्या मुद्द्यांवर हक्क मागायचा त्यांत, येणार असतील तर मावशींचे नाव घालावे लागेल, मग त्यांनी ते थर सरकू नयेत म्हणून सुचवले असोत की आणखी कशासाठी. मला ते तेव्हा जरा अतिरेकी वाटले, पण नाव घातले. अर्जदार मी, शोधकर्त्या दोघी, आणि मावशींनी आपला हक्क मला लिहून दिला, त्याचा रीतसर मोबदला घेऊन. तो तिरका टाका आकृतीत काढण्याचा आग्रहही एजंटांचाच. “दाव्यात येवो न येवो, चित्रात असू द्या,” असे ते म्हणाले आणि आकृती ३ मध्ये ताटीचा उभा छेद घेऊन दबलेल्या रेषा, त्यांचा उतार आणि त्यांमधले अंतर अंशांसह आणि मिलिमीटरमध्ये दाखवले. ते चित्र नसते तर या लेखाचा शेवट वेगळा झाला असता.

जुलै २०२२ मध्ये पहिला तपासणी अहवाल आला, ज्याला सगळे एफईआर म्हणतात. नावीन्याबद्दल हरकत नव्हती, म्हणजे हुबेहूब अशी ताटी कोणत्याही एका जुन्या दस्तऐवजात सापडली नव्हती. त्यामुळे मी पहिले पान वाचून खूश झाले आणि दुसऱ्या पानावर येऊन थांबले. तिथे लिहिले होते की दावा १ ते १० मध्ये इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही.

इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे कल्पकतेची पायरी, ही नावीन्यापेक्षा वेगळी परीक्षा आहे. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) मध्ये तिची व्याख्या आहे: उपलब्ध ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही असलेले असे वैशिष्ट्य, ज्यामुळे तो शोध त्या क्षेत्रातल्या जाणकार माणसाला उघड वाटणारा राहत नाही. ‘आर्थिक महत्त्व’ हे शब्द वाचून मी लगेच हिशेब मांडायला बसले होते की माझी ताटी बाजारातल्या कागदी हनीकोंब पॅडपेक्षा किती स्वस्त पडते. एजंटांनी तो कागद बाजूला सारला. आर्थिक महत्त्व सिद्ध झाले तरी वाक्याचा शेवटचा भाग शिल्लकच राहतो, आणि स्वस्त वस्तूही अगदी उघड असू शकते. यासाठी त्यांनी मला १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा निकाल वाचायला दिला. तो वाद होता भांडी घडवण्याच्या एका साधनाचा, आणि न्यायालयाने म्हटले होते की पेटंटसाठी कारखान्यातल्या किरकोळ सुधारणेपेक्षा अधिक काहीतरी हवे. कल्पक बुद्धी न वापरता ज्ञात गोष्टी नुसत्या एकत्र ठेवल्या तर ते पुरत नाही. वाचून झाल्यावर मी माझ्या दाव्यांकडे पाहिले. काथ्या ज्ञात, कापूस ज्ञात, वाळा तर आजोबांच्या आजोबांनाही ज्ञात, आणि मी त्यांना एकापुढे एक उभे केले होते.

तपासनिसांनी तीन दस्तऐवज पुढे केले होते. पहिल्यात कूलरसाठी तंतूंचे पॅड होते, खाली बसू नये म्हणून त्याला टाके घातलेले. दुसऱ्यात कागदी पॅड होते, ज्याला बाजारात हनीकोंब म्हणतात. त्यात नागमोडी कागदाचे पत्रे दोन वेगवेगळ्या कोनांत चिकटवलेले असतात, आणि जास्त उताराची पन्हळ हवा येते त्या बाजूला खाली झुकवतात, म्हणजे हवेने आत ढकललेले पाणी पुन्हा बाहेरच्या अंगाला येते. तिसऱ्यात काथ्या आणि नॉनवोव्हन यांचे थर होते. तिन्ही एकत्र केले की तुमची ताटी तयार होते, असे अहवालाचे म्हणणे. शिवाय कलम ३(एफ) खाली, म्हणजे ज्ञात साधनांची आपापले काम स्वतंत्रपणे करणारी नुसती मांडणी, आणि कलम ३(पी) खाली, म्हणजे पारंपरिक ज्ञान, अशा आणखी दोन हरकती. वाळ्याच्या ताटीसाठी पेटंट मागणाऱ्या नागपूरकरणीला पारंपरिक ज्ञानाचे कलम लावलेले पाहून बाबा खूप हसले. मला हसू आले नाही, पण त्या हरकतीत अन्यायही दिसला नाही.

अहवाल तीन-चार वेळा वाचल्यावर एक गोष्ट डोळ्यांवर आली. थरांबद्दल त्यांचे म्हणणे बरोबर होते. ताठ तंतू बाहेर, पाणी पिणारा तंतू मध्ये, सुगंधी तंतू आत, ही रचना कापूस आणि काथ्या हाताळलेला कोणताही शहाणा माणूस एका दुपारी सुचवू शकला असता. ‘प्रत्येक थराला काम नेमून दिले आहे’ हे माझे लाडके वाक्य तर ३(एफ) ची हरकत मीच लिहून दिल्यासारखे होते, कारण प्रत्येक जण आपापले काम वेगळे करतो, हीच तर त्या कलमाची अट. उलट टाक्यांबद्दल अहवालात एकच ओळ होती, ‘पहिल्या दस्तऐवजात टाके दाखवले आहेत’, आणि मी तो दस्तऐवज मुळातून वाचला तेव्हा त्यात लिहिलेले सापडले की टाके सैल ठेवावेत, अन्यथा तंतू दबून हवेला अडथळा होतो. मावशींनी तर करकचून आवळले होते.

इथून पुढे आमचा सगळा युक्तिवाद बदलला. घट्ट टाक्याने तंतू दबतात, त्यांच्यामधल्या फटी बारीक होतात, आणि बारीक फटीत पाणी अधिक जोराने ओढले जाते. कंदिलाच्या वातीत तेल चढते तेच कारण. त्यामुळे वरून येणारे पाणी त्या दबलेल्या रेषेवर थबकते, आडवे पसरते, रेषा भरली की पुढच्या रेषेकडे उतरते. रेषा बाहेरच्या अंगाला उतरती असल्याने हवेच्या झोताने आत सरकलेले पाणी पुन्हा काथ्याकडे येते आणि तुषार उडत नाहीत. थर आणि टाका मिळून इथे एकच काम करत होते, वेगवेगळे नव्हे. हे सगळे मला एफईआर हातात येईपर्यंत सुचले नव्हते, हे कबूल करायला हवे. आम्ही वस्तू केली होती, पण ती का चालते ते हरकतीने शोधायला लावले.

आता ते दाखवायचे कसे? अहवालाला उत्तर द्यायला सहा महिने मिळतात, आणि मागून घेतले तर आणखी तीन. जुलैत अहवाल आला आणि बाहेर पाऊस. भर पावसाळ्यात बाष्पीभवनाची चाचणी घेणे म्हणजे ओल्या टॉवेलने भांडी पुसणे. जलद तपासणीचे पैसे भरून मग मुदतवाढ मागणारी मी पहिली नसेन, तरी एजंटांना ते सांगताना ओशाळल्यासारखे झाले. मुदत एप्रिल २०२३ पर्यंत वाढवून घेतली आणि मार्चच्या उन्हाची वाट पाहिली.

आधी हिवाळ्यात एक साधा प्रयोग केला होता, त्याला ऊन लागत नव्हते. पाण्यात कपड्यांची नीळ कालवली आणि दोन ताट्यांवर सारखेच सोडले: एक पहिल्या दस्तऐवजात सांगितल्याप्रमाणे सैल, सरळ टाक्यांची आणि दुसरी मावशींच्या टाक्यांची. दहा मिनिटांनी पंप बंद करून दोन्ही उकलल्या. सैल टाक्यांच्या ताटीत मधल्या पांढऱ्या कापसावर निळ्या बोटांसारखे पाच-सहा उभे ओघळ होते आणि त्यांच्यामध्ये पांढरे पट्टे जसेच्या तसे. मावशींच्या ताटीत प्रत्येक टाक्याच्या ओळीवर निळी आडवी पट्टी होती, वहीच्या रेघांसारखी, आणि रेघांमधला भागही फिक्या निळ्याने भरलेला. मावशी बाजूला उभ्या होत्या. त्यांनी आपल्या टाक्यांवरून बोट फिरवले, बोटाला निळाई लागली ती पदराला पुसली, आणि “मले त नुसतं बसू नाही द्याचं होतं,” एवढेच म्हणाल्या. त्या दोन कापसांचे फोटो पुढे आमच्या उत्तराचे सहावे पान झाले.

मार्चमध्ये पारा चढल्यावर तापमाने घेतली. यात मोजायचे असते ते असे: बाहेरचा कोरडा पारा ४३ अंश आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला पारा २३ असेल, तर हवा जास्तीत जास्त २० अंशांनी गार होऊ शकते. ताटीतून २८ अंशांची हवा आली तर १५ अंश साधले, म्हणजे ७५ टक्के. पहिल्या खेपेस मी माझ्या ताटीची तुलना बाजारातल्या गवताच्या ताटीशी केली आणि आकडे पाहून खूश झाले. एजंटांनी ते परत पाठवले. तुलना बाजाराशी करायची नसते. ज्या जुन्या दस्तऐवजाच्या आपण सर्वांत जवळ आहोत, त्याच्याशी करायची असते. गवताला हरवणे सोपे होते, आणि त्यातून थरांचाच गुण दिसत होता, जो आम्ही आता सोडत होतो. म्हणून तेच तीन थर, तोच काथ्या, तोच कापूस, फक्त टाका वेगळा, अशा जोड्या पुन्हा बनवल्या. त्यांतला फरक गवताशी आलेल्या फरकापेक्षा बराच लहान निघाला, पण दर वेळी त्याच बाजूला. तुषार मोजण्यासाठी कूलरसमोर हातभर अंतरावर टीपकागद टांगून तासाभराने त्याचे वजन केले. हा भाग सर्वांत घरगुती होता आणि सुनावणीत सर्वांत उपयोगी पडला.

ऑगस्टमध्ये सुनावणी झाली, व्हिडिओवरून. मी कारखान्यातल्या ऑफिसात, एजंट त्यांच्याकडे, आणि पडद्यावर कंट्रोलर, म्हणजे अर्जावर निर्णय देणारे पेटंट कार्यालयाचे अधिकारी. न्यायालयासारखे काही असेल अशा कल्पनेने मी इस्त्रीची साडी नेसून बसले होते. प्रत्यक्षात ते एखाद्या कडक परीक्षकाशी झालेले तोंडी परीक्षेसारखे बोलणे होते. एजंटांनी सुरुवातीलाच जाहीर केले की केवळ थरांचा दावा आम्ही सोडतो आहोत. नव्या पहिल्या दाव्यात तीन थर तर होतेच, पण त्यांतून जाणाऱ्या आडव्या शिवणरेषा, त्या रेषांवर ताटीची जाडी मूळ जाडीच्या एक तृतीयांशाहून कमी होईल इतका दाब, आणि हवा येण्याच्या बाजूला ठरावीक अंशांत उतार, हे सगळे एकत्र होते. दुरुस्ती करताना मूळ कागदपत्रांत नसलेले काहीही आणता येत नाही, हा कलम ५९ चा नियम. आमच्याकडे आकृती ३ होती, आणि तिच्यावरच हे सारे उभे राहिले.

कंट्रोलरांचा पहिला प्रश्न नेमका होता. कागदी पॅडमध्ये उतार बाहेरच्या बाजूला ठेवतात हे ज्ञात आहे. मग तोच उतार टाक्याला देणे कोणालाही सुचणार नाही का? एजंटांनी उत्तर दिले की कागदी पॅडमध्ये पन्हळ आधीच असते आणि पाणी तिच्यातून वाहते. तंतूंच्या ताटीत पन्हळच नाही. टाक्याने ती तयार होते हे आधी कळल्याशिवाय तिला उतार द्यावा असे मनातही येणार नाही. आणि टाका आवळून ती तयार करावी, हे तर पहिला दस्तऐवज नको म्हणून सांगतो. जाणकार माणूस हे करू शकला असता का, हा प्रश्न नाही. समोरचे कागद वाचून तो ते करायला गेला असता का, हा प्रश्न आहे. रोश विरुद्ध सिप्ला या २०१५ च्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने उघडपणा तपासण्याच्या ज्या पायऱ्या घालून दिल्या, त्यांत उत्तर कळल्यानंतर मागे वळून पाहण्याची दृष्टी टाळावी असे म्हटले आहे, त्याचा त्यांनी आधार घेतला. तसेच त्याच न्यायालयाच्या २०२२ च्या अ‍ॅग्रीबोर्ड निकालाचा. कल्पकतेची पायरी नाही म्हणून अर्ज फेटाळायचा असेल तर जुना शोध काय, नवा काय, आणि जाणकाराला एकावरून दुसरा कसा उघड होतो, या तिन्हींचा विचार आदेशात दिसला पाहिजे, असे तो निकाल सांगतो.

दुसरा प्रश्न मला होता. टाका घट्ट केल्यावर हवा अडते असे जुना दस्तऐवज म्हणतो. ते खोटे आहे का? मी क्षणभर एजंटांच्या चौकटीकडे पाहिले. ते खोटे नव्हते. दबलेल्या रेषेतून हवा खरोखरच कमी जाते. मी तसे सांगितले. मात्र रेषा बोटभर रुंद आणि दोन रेषांमधले अंतर चार बोटांचे, त्यामुळे उरलेल्या फुगीर भागातून हवा जाते आणि तो भाग आता सगळा ओला असतो. कोरड्या पट्ट्यातून जाणारी भरपूर हवा गार होत नाही, तिचा उपयोग काय? नंतर एजंट म्हणाले की हे उत्तर त्यांनी दिले असते तर त्यात इतका जोर आला नसता, कारण वकिली भाषेत तोटा कबूल करायला जीभ वळत नाही.

वाळ्याबद्दलची हरकत लवकर मिटली. वाळा पहिल्या दाव्यात नव्हताच. आतला थर ‘सुगंधी मुळांच्या तंतूंचा’ असावा असा चौथा दावा होता, तो आम्ही काढून टाकला. बाबांना ते रुचले नाही. वाळ्याशिवाय ताटी म्हणजे काय, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना सांगितले की वाळा आपण भरतच राहणार आहोत, फक्त तो आपला म्हणून सांगणार नाही.

सुनावणीनंतर १५ दिवसांत लेखी म्हणणे द्यावे लागते, ते दिले. २०२४ च्या सुरुवातीला पेटंट मिळाल्याचा आदेश आला. दहा दाव्यांतले पाच उरले होते. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे त्याची मुदत, वेळोवेळी नूतनीकरणाची फी भरत राहिल्यास. प्रमाणपत्राची प्रत काढून मावशींना दिली. शोधकर्त्यांच्या रकान्यातले स्वतःचे नाव त्यांनी नातवाकडून दोनदा वाचून घेतले आणि विचारले की आता दुसऱ्या कोणी असे शिवले तर काय होते. मी म्हटले, आपण त्याला थांबवू शकतो. त्या म्हणाल्या, “आन् माह्या सुनेनं शिवलं तं?” त्यांची सून आमच्याकडेच कामाला असल्याने तो प्रश्न सुटला.

पेटंट मिळाल्याचे प्रसिद्ध झाल्यावर वर्षभर हितसंबंध असलेल्या कोणालाही विरोध नोंदवता येतो. ते वर्ष काही न घडता गेले. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये आमचा माल घेणाऱ्या एका दुकानदाराने शहरातल्याच दुसऱ्या व्यापाऱ्याची ताटी आणून दाखवली: बाहेर काथ्या, मध्ये पांढरा नॉनवोव्हन, आत वाळा, अगदी त्याच क्रमाने. एजंटांना फोन केला तर ते नोटिशीच्या तयारीनेच बोलू लागले. मी त्यांना थांबायला सांगून ताटी टेबलावर आडवी ठेवली, ब्लेडने कडेची शिवण उसवली आणि एक टाका बोटाने वर उचलून पाहिला. तो सैल होता, आणि सरळ. मी ताटी पुन्हा शिवून दुकानदाराला परत दिली आणि एजंटांना कळवले की नोटीस नको. ही रचना आपण ऑगस्टमध्ये सोडून दिलेली आहे.